अजस्र ओझ्यांची वाट आणि तिचा खर्च

गेल्या परीक्षा-सत्रातील गोष्ट. बाहेरगावच्या केंद्रावरील पर्यवेक्षणाचे काम आटोपून आम्ही दोघे-तिघे अध्यापक एस. टी.ने रत्नागिरीस परतत होतो. जिल्ह्यातल्याच एका अरुंद रस्त्यावर गाडी थांबली आणि दीड तास हलली नाही. पुढे एक महाकाय लोखंडी पात्र, जमिनीलगत पसरलेल्या असंख्य चाकांच्या ट्रेलरवर आडवे निजवलेले, मुंगीच्या पावलांनी सरकत होते. दोन माणसे हातांतील लांब बांबूंनी विजेच्या तारा वर उचलून धरीत होती. तिसरा माणूस वळणावरच्या आंब्याची फांदी तोडीत होता. आमच्या मागे एका रिक्षात इस्पितळाकडे निघालेली एक वृद्धा बसली होती. तिच्या मुलाने चार वेळा पुढे जाऊन विनवणी केली. कंडक्टर शांतपणे म्हणाला, "तो जाईल तेव्हा आपण जाऊ." कोठल्या कारखान्याचे ते पात्र होते, हे येथे महत्त्वाचे नाही. महत्त्वाचा आहे तो त्या दीड तासाचा हिशेब. तो कोणाच्या वहीत लिहिला गेला?

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही याचे उत्तर ठाऊक असते. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली खाजगी परिव्यय आणि सामाजिक परिव्यय यांतील भेद मांडला. कारखानदार ट्रेलरचे भाडे मोजतो, परवान्याचे शुल्क भरतो. तो त्याचा खाजगी परिव्यय. तोडलेली फांदी, अडलेली एस. टी., खचलेली साइडपट्टी आणि रिक्षातील वृद्धेचा जीव टांगणीला लागणे हा सामाजिक परिव्यय. तो कोणत्याच बिलात येत नाही, म्हणून तो नाहीच असे समजून योजना आखल्या जातात.

खाडीच्या तोंडाशी नव्हे, खाडीच्या माथ्याशी

मोठे ओझे किनाऱ्यावरून आत कसे न्यावे, हा प्रश्न कोकणाला नवा नाही. आपल्या पूर्वजांनी त्याचे एक उत्तर शोधले होते, आणि ते राजापूर, संगमेश्वर, चिपळूण या गावांच्या जागांवरूनच वाचता येते. ही गावे समुद्रावर नाहीत. भरतीचे पाणी खाडीतून जेथवर चढते, त्याच्या आसपास ती वसली. जड माल पाण्यावरून नेणे सर्वांत स्वस्त, म्हणून शक्य तितका आत तो गलबतानेच न्यायचा आणि पुढे उरलेली घाटाची चढण बैलांच्या पाठीवर टाकायची, हा त्यामागचा व्यवहार. सतराव्या शतकात इंग्रजांनी आपली वखार राजापुरास घातली ती याच कारणाने. अनुस्कुऱ्याची वाट तेथून जवळ होती. पुढे खाड्या गाळाने भरत गेल्या, आगबोटी मोठ्या झाल्या आणि ही अंतर्भागातील बंदरे निकामी झाली. तथापि त्यांच्यामागील तत्त्व निकामी झालेले नाही: पाण्याची वाट संपेपर्यंत ओझे जमिनीवर उतरवू नये.

आज आपले बंदर पुन्हा खाडीच्या मुखाशी गेले आहे. जयगड येथील खोल पाण्याचे खाजगी बंदर २००९ साली सुरू झाले. तेथून मुंबई-गोवा महामार्गापर्यंत जाण्यास निवळीचा रस्ता आहे, आणि देशावर जाण्यास पुढे आंबा घाट. बंदर आणि कोकण रेल्वे यांना जोडणाऱ्या जयगड-डिंगणी लोहमार्गाचा करार २०१५ साली झाला होता. परंतु कागदावरच्या रुळांवरून मालगाडी धावत नाही. १९९८ साली संपूर्ण मार्ग खुला झालेली कोकण रेल्वे भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून नेते, ही मोठीच सोय आहे. मात्र ज्या ओझ्यांची आपण चर्चा करीत आहोत ती बोगद्यांच्या मापात बसत नाहीत. म्हणजे ती येणार रस्त्यानेच.

दोष कोणाचा?

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे अगत्याचे आहे. असा ट्रेलर दिसला की सामान्य माणूस म्हणतो, "याच्यामुळेच आमचे रस्ते फुटतात." वस्तुस्थिती बरीच निराळी आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर ट्रक अहोरात्र फिरवून एक प्रचंड प्रयोग करण्यात आला. त्यातून निघालेला निष्कर्ष असा की, रस्त्याची झीज वाहनाच्या एकूण वजनावर नव्हे, तर एका आसावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते आणि ती स्थूलमानाने त्या भाराच्या चतुर्थ घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर झीज सोळापट. अर्ध्या टनाच्या आसाची मोटार आणि दहा टनांच्या आसाचा ट्रक यांची तुलना केली, तर एका आसामागे झीज एक लाख साठ हजार पट होते.

आता गणित मांडू. तीनशे टनांचे पात्र चाकांच्या वीस रांगांवर ठेवले आणि प्रत्येक रांगेत आठ चाके असली, तर ट्रेलरचे स्वतःचे वजन धरूनही एका चाकावर अडीच टनांच्या आसपासच भार येतो. याउलट आपल्या सरकारने २०१८ साली ट्रकच्या चार चाकी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांपर्यंत वाढविली. म्हणजे कायद्यात राहूनही एका चाकावर जवळजवळ २.९ टन. ही वाढ तेरा टक्क्यांची दिसते. परंतु चतुर्थ घाताने पाहिल्यास झीज साठ टक्क्यांहून अधिक वाढते. आणि हा झाला कायद्याने वागणारा ट्रक! चिरा, वाळू, कोळसा यांनी फळीच्या वर शीग लावून जाणाऱ्या गाड्यांचे गणित वाचकांनी स्वतःच करून पाहावे. वर्षातून एकदा येणारा राक्षस सर्वांना दिसतो, त्याला परवाना लागतो, त्याच्यापुढे पोलीस चालतो. रोज शेकड्यांनी जाणारे त्याचे धाकटे भाऊ मात्र कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. रस्ता फोडण्याचे श्रेय त्यांचे आहे.

मग त्या राक्षसाला निर्दोष सोडावयाचे काय? तसेही नाही. डांबरी पृष्ठभाग भार आसागणिक सोसतो. पुलाला मात्र एका गाळ्यावर एका वेळी आलेला सगळाच भार पेलावा लागतो. येथे चाके वाढवून भागत नाही. आणि कोकणचा रस्ता म्हणजे पुलांचीच माळ. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. जयगडहून आणि राजापूरहून मुंबईकडे निघालेल्या दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह त्यात गेल्या. त्या दुर्घटनेस अवजड वाहतूक कारण होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु आपल्या पुलांचे खरे सामर्थ्य आपल्याला ते पडल्यानंतरच कळते, हा धडा तिने दिला. २०२१ च्या जुलैतील अतिवृष्टीत आंबा घाटाचा रस्ता खचला आणि अवजड वाहतूक थांबवावी लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर चिपळूणला उड्डाणपुलाचा भाग बांधकाम चालू असतानाच कोसळला. ज्या प्रदेशात नव्या पुलाचीही खात्री देता येत नाही, तेथे शेकडो टनांचे ओझे नेण्यापूर्वी प्रत्येक गाळ्याचा ताळेबंद मांडणे हा शिष्टाचार नसून कर्तव्य ठरते.

"अविभाज्य" म्हणजे काय?

असे ओझे रस्त्यावर आणण्यासाठी एकच समर्थन दिले जाते: ते अविभाज्य आहे, त्याचे तुकडे करता येत नाहीत. हे समर्थन किती तपासून घ्यावे लागते, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेत घडले. आयडाहो राज्यातील ल्युइस्टन हे समुद्रापासून कित्येक शे किलोमीटर आत, कोलंबिया आणि स्नेक या नद्यांच्या वाटेने गाठता येणारे बंदर. आपल्या राजापूरचेच विराट रूप म्हणा ना. कॅनडातील तेलयुक्त वाळूच्या खाणींसाठी दक्षिण कोरियात बनविलेली अवाढव्य यंत्रे तेथवर तराफ्यांवरून आणायची आणि पुढे नदीकाठच्या दुपदरी डोंगरी रस्त्याने न्यायची, अशी एका तेल कंपनीची योजना होती. दोनशेहून अधिक फेऱ्या व्हायच्या होत्या. काठावरच्या रहिवाशांनी हरकत घेतली. कंपनीचे म्हणणे, ओझी लहान करणे व्यवहार्य नाही. प्रकरण लांबले, तेव्हा २०११ साली त्याच कंपनीने बंदरात पडून असलेली यंत्रे मधोमध कापून त्यांची उंची निम्मी केली आणि ती रुंद महामार्गाने रवाना केली! जे कालपर्यंत अविभाज्य होते ते विलंबाचा खर्च स्वतःच्या खिशातून जाऊ लागताच विभाज्य झाले. पुढे २०१३ साली दुसऱ्या एका वाहतूकदाराचे तसेच ओझे तेथील नेझ पर्स या आदिवासी जमातीने रस्त्यावर उभे राहून अडविले आणि न्यायालयाने त्या मार्गावरील अशा वाहतुकीस मनाई केली.

यातून निघणारे अनुमान एवढेच: अविभाज्यता हा बहुतांशी किमतीचा प्रश्न असतो. रस्ता फुकट मिळत असेल तर यंत्र एकसंध बनविणे स्वस्त; रस्त्याची खरी किंमत मोजावी लागली तर जोड-कामाचा खर्च परवडू लागतो. अर्थात काही वस्तू खरोखरीच अविभाज्य असतात. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रासाठी महाराष्ट्रातून निघालेले सत्तर टनांचे ऑटोक्लेव्ह चौऱ्याहत्तर चाकांच्या वाहनावरून जुलै २०१९ मध्ये निघाले आणि जुलै २०२० मध्ये पोहोचले. सुमारे सतराशे किलोमीटरांना एक वर्ष! टाळेबंदीचा काळ वजा केला तरी ही गती बैलगाडीला लाजविणारी आहे. तेथे राष्ट्रीय प्रयोजन होते, आणि ते कोणी नाकारणार नाही. परंतु प्रयोजन मोठे असले म्हणजे हिशेब ठेवू नये, असे मात्र नाही.

प्रश्न वाटेचा

कोकणात एखादा मोठा प्रकल्प येतो तेव्हा चर्चा होते ती जमिनीची, आंब्याची, मासळीची आणि रोजगाराची. नाणारच्या वेळी ती झाली, एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर मातीपरीक्षण सुरू झाले तेव्हाही झाली. प्रकल्पाच्या बाजूचे असोत वा विरोधातले, दोघांच्याही भाषणांत एक प्रश्न मला ऐकू आला नाही: तेलशुद्धीकरणाचे उत्तुंग मनोरे आणि शेकडो टनांची पात्रे जागेवर येणार कोणत्या वाटेने? कोणत्या गावातून, किती रात्री, कोणत्या पुलांवरून? प्रकल्प असावा की नसावा, या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. तो कोणताही असो, कोठेही असो, त्याच्या वाटेचा हिशेब जागेच्या हिशेबाइतकाच आधी मांडला गेला पाहिजे, एवढेच म्हणावयाचे आहे.

त्यासाठी फार मोठ्या क्रांतीची जरुरी नाही. पहिली गोष्ट, ज्या ओझ्याला पाण्याची वाट उपलब्ध आहे त्याने ती शेवटच्या धक्क्यापर्यंत वापरलीच पाहिजे. दुसरी, वाहतुकीचा दिवस, वेळ आणि मार्ग वाटेवरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या व एस. टी. आगाराच्या फलकावर आठवडाभर आधी लागावा. परीक्षेचे दिवस आणि गणपतीचे दिवस वर्ज्य समजावेत. तिसरी, ठराविक मिनिटांपलीकडे रस्ता अडवून ठेवता येणार नाही, असा दंडक असावा आणि रुग्णासाठी वाट ताबडतोब मोकळी करण्याची जबाबदारी ओझ्याच्या मालकावर असावी. चौथी, पूल, साइडपट्ट्या, झाडे आणि तारा यांच्यासाठी अनामत रक्कम आधी घ्यावी आणि वाटेची पाहणी झाल्यावरच परत करावी. आणि पाचवी, जी खरे तर पहिली असावी: ज्या ठिकाणी रोजचे ट्रक भरले जातात त्या खाणीच्या आणि बंदराच्या दारातच वजनकाटा असावा, व काट्यावरची चिठ्ठी कोणालाही पाहता यावी.

त्या संध्याकाळी अखेर एका रुंद वळणावर ट्रेलर बाजूला झाला. बांबू धरणाऱ्या दोघांपैकी एकाने हात करून आधी त्या रिक्षाला वाट दिली, मग आमच्या गाडीला. त्याच्या अंगावर घामाच्या धारा होत्या. दिवसभर तारा उचलून त्याचे खांदे भरून आले असणार. त्याच्यावर रागावण्यासारखे काही नव्हते. त्याने जमेल तेवढे केले. रुग्णाला आधी वाट द्यावी हे त्याला सांगावे लागले नाही. जे त्याला कळले ते नियमांच्या पुस्तकात उतरविणे, हे आता आपले काम आहे.