पाळीव मुंग्यांचें घर आणि पावसाळ्यांतील बुरशी

मृग नक्षत्र लागून चार पाऊस झाले कीं आपल्या जालना जिल्ह्यांतील काळ्या मातीच्या भेगा बुजतात, हवेंत दमटपणा येतो, आणि घरोघर एक पांढरी लव दिसूं लागते. कोपऱ्यांत पडलेला चामड्याचा जोडा, फडक्यांत राहून गेलेली भाकरी, पेटींत दडपलेलें पुस्तक, यांपैकीं कशालाहि ती सोडीत नाहीं. ज्या विद्यार्थ्यांस कांचेच्या घरांत मुंग्या पाळण्याचा छंद आहे त्यांच्याकडेहि ती न बोलावतां येते. मग "घराला बुरशी आली, आतां कोणतें औषध घालूं?" असा प्रश्न कोणीतरी आम्हांस विचारतो. औषध कोणतेंच घालूं नये, असें आम्ही आरंभींच सांगून टाकतों. कारण हा लेख पुरा वाचण्यापूर्वींच कोणी फिनेलची बाटली हातीं घेईल अशी आम्हांस भीति वाटते.

पालकांपैकीं कित्येकांस हा सर्व खटाटोप पोरखेळ वाटेल. साखरेच्या डब्यांतून ज्या मुंग्यांस आपण हांकून देतों, त्यांच्याच घराची चिंता कशाला, असें ते म्हणतील. परंतु यांत एका जिवाचा प्रश्न आहे. मरणकाळीं मुंगीला पंख फुटतात असें आपल्याकडे म्हणतात. नरांच्या बाबतींत तें बरेंच खरें आहे. राणीच्या बाबतींत मात्र खरें नाहीं. उड्डाण होऊन ती खालीं उतरली म्हणजे आपले पंख आपणच मोडून टाकते, जमिनींत लहानसें बीळ करून त्यांत स्वतःला कोंडून घेते, आणि काळ्या डोंगळ्यासारख्या जातींत तर पहिल्या कामकरी मुंग्या तयार होईपर्यंत अन्नाचा कणहि न घेतां, निरुपयोगी झालेल्या पंखांच्या स्नायूंवर आपला व पिलांचा निर्वाह करते. पुढें वाढणारी सारी वसाहत तिचीच संतति. ती मेली तर दुसरी राणी निर्माण करणें तिच्या कामकरी मुलींच्या हातीं नसतें, आणि घर हळू हळू ओस पडतें. सर जॉन लबक यांनीं इंग्लंडांत पाळलेली एक राणी १८८८ सालीं मेली, तेव्हां ती सुमारें १५ वर्षांची होती. इतकें आयुष्य लाभूं शकणारा जीव ज्या नळींत ठेविला आहे, ती नळी पावसाळ्यांत निष्काळजीपणें फळीवर टाकून देणें बरें नव्हे.

आतां बुरशीचा विचार करूं. पूर्वीं तिची गणना वनस्पतींत होत असे. आज शास्त्रज्ञ तिला वनस्पति व प्राणी या दोहोंहून निराळ्या अशा कवकांच्या सृष्टींत घालतात. तिचे बीजाणु हवेंत सर्वत्र तरंगत असतात, आणि त्यांस अजिबात दाराबाहेर ठेवणें कोणालाहि शक्य नाहीं. मात्र ते रुजण्यास ओल, अन्न आणि कोंडलेली हवा यांची गांठ पडावी लागते. हवेंतील आर्द्रता शेंकडा ७० च्या वर जाऊन तेथेंच राहिली कीं बुरशीचे दिवस आले असें समजावें. मुंग्यांच्या घरांत मेलेल्या किड्याचा तुकडा, साखरेच्या पाण्यानें भिजलेला कापूस आणि मुंग्यांची विष्ठा हीं तिचीं आवडतीं स्थानें होत. प्रथम पांढरे तंतु दिसतात. मग त्यांवर काळ्या टांचणीच्या डोक्यांसारखे ठिपके अथवा हिरवट भुकटी येते. ही भुकटी म्हणजे नवे बीजाणु. म्हणून ती येण्यापूर्वींच खराब झालेला तुकडा काढावा.

सर्वच कवकें किड्यांचीं वैरी असतात असें मात्र नव्हे. ज्यास आपण मुंग्यांचें वारूळ म्हणतों तें बहुधा वाळवीचें असतें, आणि आपल्याकडील वारुळें करणारी वाळवी तर आंत कवकाची शेतीच करते. पावसाळ्यांत वारुळावर उगवणारीं मोठीं भुईछत्रें हा त्या शेतीचाच वर आलेला भाग होय.

मुंग्यांस अशी शेती येत नसली (दूर अमेरिका खंडांतील पानें कापणाऱ्या मुंग्या वगळून), तरी बुरशीपुढें त्या हतबल नसतात. त्या एकमेकींस सतत चाटीत असतात तें केवळ प्रेमानें नव्हे. अंगावर बसलेले बीजाणु जिभेनें गोळा होऊन तोंडांतील एका लहानशा पिशवींत सांचतात, तेथें त्यांची गोळी बनते, आणि ती गोळी मुंगी उकिरड्यावर टाकून येते. पुष्कळ जातींच्या छातीच्या मागील बाजूस एक ग्रंथि असते व तिचा स्राव जंतुनाशक असतो. आपल्या काळ्या डोंगळ्यास ही ग्रंथि नाहीं. तो चाटण्यावर व आपल्या विषांतील अम्लावर भिस्त ठेवतो. ऑस्ट्रियांतील संशोधकांनीं २०१८ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं एका जातीच्या मुंग्या कोशांत असलेल्या पिलास बुरशीची लागण झाल्याचें वासावरून ओळखतात, कोश फोडतात, आणि त्या पिलावर अम्ल सोडून रोग पसरण्यापूर्वींच त्याचा शेवट करितात. मेलेल्या भगिनीस तर त्या घरांत राहूंच देत नाहींत. इतकी दक्षता असतां आपण केलेल्या घरांतच बुरशी कां माजावी? जमिनींतील घरांत मुंगीस ओली खोली मिळते तशी कोरडीहि मिळते, आणि घाण टाकावयास अंगण मिळतें. नळींत यांपैकीं बहुधा पहिलीच एक मिळते.

कोरड्या जागेचें मोल मुंगीस किती कळतें याचा एक जुना पुरावा आपल्याच महाराष्ट्रांतला आहे. मुंबईच्या लष्करांतील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स हे दख्खनच्या पशुपक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते. १८२९ च्या जून महिन्यांत पुण्यास सकाळीं फिरावयास गेले असतां कवायतीच्या मैदानाजवळील पडीक जमिनीवर त्यांस गवताच्या बियांचे वीसाहून अधिक लहान ढीग दिसले. प्रत्येक ढीग सुमारें मूठभर होता. जवळ जाऊन पाहतात तों शेंकडों मुंग्या जमिनीखालच्या कोठारांतून एकेक बी वर आणीत होत्या. पावसाच्या आरंभीं कोठारांत पाणी शिरून दाणा भिजला होता, आणि पहिलें ऊन पडतांच मुंग्यांनीं तो वाळत घातला होता. गवताचें बीं पिकतें जानेवारी-फेब्रुवारींत. म्हणजे तो सांठा कित्येक महिन्यांचा होता. त्याच वर्षीं १३ ऑक्टोबरला, परतीचे वादळी पाऊस होऊन गेल्यावर, हाच देखावा त्यांस पुन्हां अनेक ठिकाणीं दिसला. साइक्स यांनीं ही हकीकत १८३५ सालीं प्रसिद्ध केली आणि त्या जातीच्या नांवांत 'दूरदर्शी' या अर्थाचा लॅटिन शब्द योजिला. युरोपांतील कित्येक विद्वान तोंपर्यंत मुंग्या धान्य सांठवितात ही जुनी गोष्ट दंतकथा मानीत असत. पुण्याच्या माळावरील या मूठमूठ ढिगांनीं त्यांस पुनर्विचार करावयास लावलें.

दाणे सांठविणाऱ्या मुंग्या आपल्या जिल्ह्यांतहि बांधांवर व पायवाटांच्या कडेस आढळतात. बिळाच्या तोंडाभोंवतीं पडलेलें कोंड्याचें कडें हीच त्यांची खूण. जालनेकरांस तर त्यांचें कौतुक विशेष वाटावयास हवें. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं येथें महिको कंपनी काढली, त्यानंतर हें गांव बियाण्यांचें गांव म्हणून देशभर प्रसिद्ध झालें, आणि १९९८ सालीं बारवाले यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या धंद्यांत निम्मी काळजी ओलाव्याचीच असते. साध्या पिशवींतील प्रमाणित ज्वारीच्या बियाण्यांत ओलावा शेंकडा १२ हून अधिक असूं नये असा आपल्याकडील दंडक आहे. आपल्या पणजोबांनीं पेवांत ज्वारी भरतांना कडबा व भुसा यांचा थर दिला तो याच भीतीनें. मुंगीचें कोठार हें एक इवलेसें पेवच होय.

तेव्हां घर करतांना पहिला नियम हा कीं, एक टोंक ओलें व दुसरें कोरडें असावें. कोठें बसावयाचें तें मुंग्या ठरवितील. फ्रान्समधील शार्ल जाने यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लास्टरच्या ठोकळ्यांत ओळीनें खोल्या कोरून एका टोंकास पाण्याचा खळगा ठेविला. त्यामुळें प्रत्येक पुढची खोली मागचीहून कोरडी होई. अ‍ॅडेल फील्ड या बाईंनीं चीनमध्यें पुष्कळ वर्षें मिशनरी म्हणून काम केल्यावर अमेरिकेंत मुंग्यांचा अभ्यास केला. त्यांचीं घरें कांचेचीं असत. ओल्या स्पंजाची राहण्याची खोली वेगळी व अन्नाची कोरडी खोली वेगळी. विद्यार्थ्यांस मात्र एवढा खर्च नको. प्रयोगशाळेंतील परीक्षानळी घ्यावी, तिच्या तळाशीं एकतृतीयांश भागापर्यंत उकळून निवविलेलें पाणी भरावें, त्यावर स्वच्छ कापसाचा घट्ट बोळा बसवावा, म्हणजे पाणी गळत नाहीं व ओल मात्र मिळते. कामकरी मुंग्या झाल्या म्हणजे नळीचें तोंड एका कोरड्या पेटींत उघडें ठेवावें. ही पेटी त्यांचें अंगण. अन्न तेथेंच द्यावें, म्हणजे उकिरडाहि बहुधा तेथेंच होतो. झांकणास बारीक जाळी लावून हवा खेळती ठेवावी. घरांत काळी माती भरण्याचा मोह आवरावा. ती पाणी धरून ठेवते, फुगते, वाळली कीं भेगाळते, आणि तिच्यांतील पालापाचोळा बुरशीस आयतें जेवण होतो.

लोणच्याच्या बरणींत ओला चमचा घातल्याबद्दल ज्या माता रागें भरतात त्यांस अन्नाचा नियम समजावून सांगण्याची गरजच नाहीं. साखरेच्या पाण्याचा किंवा मधाचा एखादाच थेंब बाटलीच्या झांकणांत द्यावा. माशी अथवा झुरळाचा पाय उकळत्या पाण्यांत क्षणभर बुडवून द्यावा आणि दुसरे दिवशीं उरलेला भाग चिमट्यानें काढावा. फवाऱ्यानें मारलेलें झुरळ देऊं नये, त्यानें बुरशीच्या आधींच मुंग्या मरतील. दाणे खाणाऱ्या मुंग्यांस बाजरी किंवा तीळ पेटीच्या कोरड्या कोपऱ्यांतच ठेवावे.

इतकें करूनहि बुरशी आलीच तर प्रथम ती कोठें आहे तें पाहावें. पाण्याकडील कापूस पिवळा वा काळपट झाला, एवढ्यानें घाबरण्याचें कारण नाहीं. मुंग्या अशा नळींत महिनेच्या महिने सुखानें राहतात, आणि उगाच हलविल्यानें होणारा त्रास बुरशीहून मोठा असतो. बंद नळींतील एकट्या राणीस तर रोज उजेडांत धरून पाहूंच नये. घाबरलेली राणी आपलीं अंडीं खाऊन टाकते. पेटींतील उकिरड्यावर बुरशी असेल तर तो काढून पेटी पुसून कोरडी करावी. ज्यांस ओलसर घर ठेवावेंच लागतें, त्यांनीं पाचोळ्याखालीं उड्या मारणारे स्प्रिंगटेल नांवाचे पांढरे सूक्ष्म किडे थोडे आंत सोडावे. ते बुरशी खातात व मुंग्यांस उपद्रव देत नाहींत.

बुरशीचे तंतु अंड्यांच्या पुंजक्यापर्यंत पोंचले, किंवा पाण्यास कुजका वास येऊं लागला, तर मात्र घर बदललेंच पाहिजे. अशा वेळीं हळद, व्हिनेगर, स्पिरिट असें कांहीं मुंग्यांच्या अंगावर शिंपडूं नये. नवी नळी वर सांगितल्याप्रमाणें तयार करून जुनीच्या तोंडास तोंड लावावी व सांधा कागदी पट्टीनें बंद करावा. नवीवर काळें कापड गुंडाळावें आणि जुनी उजेडांत उघडी ठेवावी. उजेड म्हणजे खिडकीजवळचा, ऊन नव्हे. मराठवाड्याच्या उन्हांत कांचेची नळी कांहीं मिनिटांतच तापते आणि आंतील सर्व जीव भाजून निघतात. मुंग्या कधीं तासाभरांत जातात, कधीं चार दिवस घेतात. पिलें तोंडांत धरून चाललेली रांग दिसूं लागली कीं काम झालें असें समजावें. नळी झटकून त्यांस ओतण्याची घाई करूं नये. त्यांत अंडीं बुरशींत अडकतात व राणीचा पाय मोडतो.

रिकामी झालेली नळी घराबाहेर, नाकावर रुमाल बांधून उघडावी. ज्यास दम्याचा विकार आहे त्यानें हें काम दुसऱ्याकडून करवावें. कापूस फेंकून द्यावा, कांच उकळत्या पाण्यानें धुवावी आणि मग हात साबणानें स्वच्छ करावे. प्लास्टरचें घर असेल तर बुरसलेला थर खरवडून तें उन्हांत ठेवावें. वरून कोरडें दिसलें तरी आंत ओल राहते, म्हणून सलग आठवडाभर ऊन मिळाल्याखेरीज तें वापरूं नये. श्रावणांत तसें ऊन न मिळाल्यास तें दिवाळीपर्यंत फळीवर पडूं द्यावें. लहान वसाहतीस तोंवर नळी पुरते.