पासवर्ड देतेस का गं?

सकाळचे पावणेदहा. तुम्ही अजून ट्रॅफिकमध्ये अडकलेले आणि मोबाइल वाजतो. ‘अगं, तुझा पासवर्ड सांग ना, रिपोर्ट पाठवायचाय. दोन मिनिटांचं काम आहे!’ आपण काय करतो? सांगून टाकतो. वर ‘कुणाला सांगू नकोस हं’ असंही म्हणतो.

मंडळी, हसू नका. मीही याच गटातली. पहिली नोकरी सोडून पाच महिने झाल्यावर सहज गंमत म्हणून तिथलं जुनं लॉगिन टाकून पाहिलं, तर चक्क उघडलं! सगळ्या वर्गणीदारांचे पत्ते आणि फोन नंबर समोर. मी घाबरून लगेच बंद केलं आणि हा किस्सा दादाला सांगितला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. पुण्यात एका कंपनीत डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे. तो हसलाच नाही. म्हणाला, ‘तू चांगली म्हणून वाचले ते. पण सिस्टिम माणसाच्या चांगुलपणावर चालवायची नसते.’

हे वाक्य मला खऱ्या अर्थानं कळलं ते पुण्यात नाही, औशात.

आजोबा गेले. लातूरपासून वीसेक किलोमीटरवर असलेल्या औसा तालुक्यात आमची थोडी शेती आहे. सातबारावर वारसांची नावं लावायची होती. अर्ज आणि शपथपत्र वगैरे सगळं काकांनीच केलेलं. मी आणि दादा एका वीकएण्डला गावी गेलो, तर काका वैतागलेले. ‘तू एवढा कंप्युटरचा माणूस. एक बटन दाबलं की नाव चढतंय, मग हे कामून थांबलालेत?’

थांबण्याचं कारण असं. आपण ज्यांना अजून तलाठीच म्हणतो, ते ग्राम महसूल अधिकारी ई-फेरफार प्रणालीत नोंद धरतात, पण ती मंजूर करू शकत नाहीत. नोंदीची नोटीस निघते. हरकतीसाठी पंधरा दिवस द्यावे लागतात. मग मंडळ अधिकारी त्यांच्या स्वतःच्या लॉगिनमधून नोंद तपासून प्रमाणित करतात. त्यानंतरच सातबारा बदलतो.

काकांना ही सरकारी दिरंगाई वाटली. दादाचे डोळे मात्र चमकले. ‘लिहिणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा. अगदी बरोबर!’

संध्याकाळी आम्ही औशाच्या किल्ल्यावर गेलो. खंदक, दुहेरी तटबंदी, आत शिरल्यावर पुन्हा दरवाजा. तिथे बसून दादानं मला त्याचं काम समजावलं.

डेटाबेस म्हणजे एकमेकांशी जोडलेले तक्ते. तिथे प्रत्येकाचं वेगळं खातं असतं आणि नुसतं खातं असून भागत नाही. कुणाला फक्त वाचता येतं, कुणाला नवी ओळ घालता येते, कुणाला जुनी बदलता येते. पुसायचा हक्क तर फारच थोड्यांना. हक्क द्यायच्या आज्ञेला ‘ग्रँट’ म्हणतात, काढून घ्यायच्या आज्ञेला ‘रिव्होक’. माणसं शेकड्यांनी असली की एकेकाला हक्क वाटत बसत नाहीत. ‘रोल’ बनवतात, म्हणजे पद. हक्क पदाला, माणूस पदावर. बदली झाली की पदावरून काढा, झालं.

‘पण मी माझा हक्क मैत्रिणीला दिला तर?’ मी विचारलं.

‘हा प्रश्न आयबीएमच्या लोकांनाही पडला होता.’ 1976 साली पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड या दोघांनी त्यावर निबंध लिहिला. तुला दिलेला हक्क पुढे देण्याची मुभा असेल, तर तू तो देऊ शकतेस. पण तुझा हक्क काढला की तुझ्यामुळे ज्यांना मिळाला, त्यांचाही आपोआप जातो, दुसऱ्या कुणाकडून वेगळा मिळाला नसेल तर. ‘पासवर्ड सांगितलास की मात्र हे सगळं कोलमडतं. सिस्टिमला ती तूच वाटतेस. तिनं केलेलं तू केलंस.’

‘आणि तू? तू तर अ‍ॅडमिन. तुला सगळंच करता येत असेल.’

‘म्हणून तर रोजच्या कामाला मी साधं खातं वापरतो. आणि मी काय केलं त्याची नोंद अशा ठिकाणी जाते, जिथे माझा हात पोचत नाही. मला तेच बरं वाटतं. उद्या काही गडबड झाली, तर मी नाही केलं हे सिद्ध तरी करता येईल.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याचा फोन आला. चावडीवरची नोटीस गावातल्या कुणीतरी वाचून तिला कळवलं होतं. वारसांत बाबांचं आणि काकांचंच नाव होतं, तिचं नव्हतंच. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, ‘मी दादांची लेक नव्हते का रे?’

काका बराच वेळ गप्प. ‘तिला काय, तिचं घर भरलेलं आहे...’ असं काहीतरी पुटपुटले. मग स्वतःच उठून चप्पल घातली. ती नोंद नामंजूर झाली, तिन्ही भावंडांच्या नावांनी नवी धरली गेली आणि पुन्हा पंधरा दिवस थांबलो. आता सातबारावर आत्याचं नाव आहे. नामंजूर झालेली नोंदही फेरफाराच्या रजिस्टरात तशीच आहे, कुणी पुसलेली नाही.

एका बटनानं काम झालं असतं, तर? काका वाईट नाहीत. त्यांना फक्त घाई होती आणि सोयीचा विसर पडला होता. आपल्या ऑफिसातही बहुतेक घोटाळे असेच सुरू होतात, घाईनं आणि सोयीनं.

तेव्हा बॉस, सोमवारी एवढं कराच :

- पासवर्ड मागितला, तर त्याऐवजी तेवढ्या कामाचा हक्क त्या व्यक्तीच्याच खात्याला मिळवून द्या.
- प्रोजेक्ट बदलला, की जुने हक्क काढायला स्वतःहून सांगा.
- नोकरी सोडताना लॅपटॉपबरोबर लॉगिनही परत करा. बंद झालं का, ते विचारा.
- बिल बनवणारा आणि मंजूर करणारा एकच असेल, तर मॅनेजरच्या कानावर घाला.

आणि परवा पुन्हा तो फोन आलाच : ‘पासवर्ड देतेस का गं?’ मी म्हटलं, ‘नाही गं. पंधरा दिवस थांब!’