वनस्पति-स्टेरॉलच्या गोळ्या : गुण किती, बोलबाला किती

हृदयास हितकर आणि उतारवयांतील लघवीच्या त्रासावर गुणकारी म्हणून वनस्पति-स्टेरॉलच्या गोळ्या सांप्रत विकल्या जातात. रोहा-पेणकडील भातकरी विचारील कीं, हें द्रव्य तर आमच्या कोंड्यांतच आहे ना? आहे खरें. तुसाखालचा जो तांबूस कोंडा आपण गुरांस घालतों, त्यांत शेंकडा 15 ते 20 तेल असून तें स्टेरॉलयुक्त असतें. परंतु भरडतांच तें कांहीं तासांत खवट होऊं लागतें. म्हणून घरचा शिळा कोंडा औषध म्हणून खाऊं नये.

स्टेरॉलची घडण कोलेस्टेरॉलसारखी आहे. दोन्हीं आंतड्यांतून एकाच वाटेनें रक्तांत शिरूं पाहतात. स्टेरॉल पुष्कळ असल्यास कोलेस्टेरॉल मागें राहून मळावाटें जातें. रोज सुमारें 2 ग्रॅम जेवणाबरोबर घेतल्यास अपायकारक कोलेस्टेरॉल शेंकडा 8 ते 10 उतरतें. नेहमींच्या अन्नांतून मात्र अर्धा ग्रॅमही क्वचितच मिळतें. पण आंकडा उतरला म्हणजे हृदयविकार टळला, असें नव्हे. खातेवहींत आकार कमी लागल्यानें जमिनीचा कस वाढत नाहीं! या गोळ्यांनीं हृदयविकाराचे झटके कमी होतात, हें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. स्टॅटिन औषधांविषयीं तें झालें आहे. म्हणून डॉक्टरांचें औषध सोडून गोळी धरणें आम्हांस धोक्याचें वाटतें.

लघवीच्या त्रासाचा पुरावा थोडा बरा आहे. मूत्राशयाखालील प्रोस्टेट ग्रंथि वाढली कीं धार बारीक होते व रात्रीं वारंवार उठावें लागतें. 1995 सालीं जर्मनींतील 200 रोग्यांवरील प्रयोग ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत छापला गेला. निम्म्यांस बीटा-सिटोस्टेरॉल 20 मिलिग्रॅम दिवसांतून तीनदां, व निम्म्यांस तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या दिल्या. सहा महिन्यांनीं पहिल्यांची धार सेकंदास 9.9 वरून 15.2 मिलिलीटर झाली. दुसऱ्यांची फारशी सुधारली नाहीं. ग्रंथीचा आकार मात्र घटला नाहीं. याच कामीं विकला जाणारा ‘सॉ पाल्मेटो’ या अमेरिकन ताडाचा अर्क 2006 सालच्या 225 रोग्यांच्या वर्षभराच्या प्रयोगांत निष्फळ ठरला.

अशीच लक्षणें प्रोस्टेटच्या कर्करोगांतही असूं शकतात, आणि गोळीनें धार सुधारल्यास रोगी निर्धास्त राहतो. यास्तव आधीं तपासणी, मग गोळीचा विचार. लघवींतून रक्त गेल्यास किंवा ती अडल्यास भाताची कापणी टाकून त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.