नळावरची रांग

मुंबईतील धारावी ही अतिशय दाट वस्ती आहे. तेथील पुष्कळ घरांना स्वतंत्र नळ नाही. गल्लीतील सार्वजनिक नळावरून पाणी भरावे लागते. पाणी येण्याची वेळ ठरलेली. त्या वेळी हंडे-कळशांची रांग लागते, पुढे-मागे होण्यावरून तंटे होतात, आणि पाणी भरण्याचे काम बहुधा मुलींकडे असल्यामुळे त्यांचा अभ्यासाचा वेळ रांगेतच निघून जातो. चित्रपट-दिग्दर्शक नवनीत रंजन यांच्या 'धारावी डायरी' या उपक्रमातील शाळकरी मुलींनी या अडचणीवर एक मोबाइल-अ‍ॅप तयार केले. रांग नळापाशी न लावता मोबाइलमध्ये लावायची, आणि ज्याची पाळी येईल त्याला सूचना द्यायची, अशी ही योजना होती.

अ‍ॅप म्हणजे मोबाइलला दिलेल्या आज्ञांची मालिका होय. या आज्ञा संगणकाच्या भाषेत लिहाव्या लागतात, आणि ती भाषा नवख्याला अवघड वाटते. ही अडचण दूर करण्यासाठी प्राध्यापक हॅल एबलसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अ‍ॅप इन्व्हेंटर' नावाचे साधन निर्माण केले. ते २०१० मध्ये गूगल कंपनीत प्रथम प्रसिद्ध झाले. २०१२ पासून अमेरिकेतील एम.आय.टी. ही संस्था ते चालविते. ते विनामूल्य आहे. धारावीच्या मुलींनी हेच साधन वापरले.

यात आज्ञा लिहावयाच्या नसतात, रंगीत ठोकळे जोडावयाचे असतात. त्याचा पहिला पाठ मोठा गमतीचा आहे. पडद्यावर एक बटण ठेवावे, त्यावर मांजराचे चित्र लावावे आणि मांजराचा आवाज जवळ ठेवावा. एवढ्याने मांजर बोलत नाही. 'बटण दाबले जाईल तेव्हा' हा ठोकळा घेऊन त्याच्या खाचेत 'आवाज वाजव' हा ठोकळा बसविला, की बोट लागताच 'म्याँव' ऐकू येते. सर्व अ‍ॅपांचे मूळ या 'अमुक घडले, की तमुक कर' यातच आहे.

रांगेचे काम मात्र इतके सोपे नाही. त्यासाठी नावांची यादी हवी. नवे नाव शेवटी जोडायचे, पाणी भरून झाले की पहिले नाव काढायचे. यादी एकाच मोबाइलमध्ये राहिली, तर ती इतरांना दिसणार नाही. म्हणून ती इंटरनेटवरील सामाईक साठ्यात ठेवावी लागते. मग खरे प्रश्न उभे राहतात. पाळी आली आणि माणूस आलाच नाही, तर? एकाच घराने दोनदा नाव घातले, तर? नळावर अशा वेळी चार शहाणी माणसे निवाडा करितात. मोबाइल अत्यंत आज्ञाधारक, पण त्याला स्वतःची समज नाही. रिकामा हंडा ठेवून जागा राखण्याची आपली जुनी युक्तीसुद्धा कोणी सांगितल्याखेरीज त्याला कळायची नाही! म्हणून ठोकळ्यांना हात लावण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन हे नियम एकेक करून लिहून काढावे लागतात: पाच मिनिटे वाट पाहावी, माणूस न आल्यास त्याचे नाव एक जागा मागे न्यावे, इत्यादी.

आणि ज्या घरी मोबाइलच नाही, त्याचे काय? त्याचे नाव शेजाऱ्याला आपल्या मोबाइलवरून घालता आले पाहिजे. त्यासाठी 'नाव' या चौकटीखाली 'कोणासाठी' अशी आणखी एक चौकट ठेवावी लागते.