हिरडस मावळातील एक वसंतदिन

वसंत ऋतूत व्यायाम करावा, दिवसा झोपू नये, गुरू, स्निग्ध, अम्ल व मधुर आहार टाळावा, असा उपदेश आपण सर्वजण रुग्णांस नित्य करीत असतो. शिशिरात साचलेला कफ वसंतातील सूर्यकिरणांनी वितळतो आणि अग्नीला मंद करतो, ही संप्राप्तीही आपण त्यांना समजावून देतो. मात्र उपदेश करणारे आपण सकाळ-संध्याकाळ चिकित्सालयातील खुर्चीवरून हलत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. हा दोष एका दिवसापुरता तरी दूर व्हावा आणि त्यानिमित्ताने काही वनौषधी त्यांच्या जागी पाहाव्यात, या हेतूने आम्ही आठ वैद्य फाल्गुन वद्य पक्षातील एका रविवारी भोर तालुक्यातील रोहिडा गडाकडे निघालो.

स्थळाची निवड सहेतुक होती. नीरा नदीच्या खोऱ्यातील हा प्रदेश हिरडस मावळ म्हणून ओळखला जातो. हिरड्याच्या झाडांवरून हे नाव पडले असे सांगतात. बांदल देशमुखांचे आणि त्यांचे दिवाण बाजीप्रभू देशपांडे यांचे हे मावळ इतिहासप्रेमींना ठाऊक आहेच. वैद्याला मात्र ते नाव ऐकताच हरीतकी आठवावी, हे स्वाभाविक आहे. गडावर चढावे, तटाच्या कडेने गडफेरी करावी, दुसऱ्या सोंडेवरून उतरून पायथ्याच्या वाटेने पुन्हा निघाल्या जागी यावे, आणि या वर्तुळात हिरडा कोठे भेटतो ते पाहावे, असा बेत आम्ही आखला.

अर्धशक्तीची खूण

भोरपासून सात-आठ किलोमीटरवरील बाजारवाडी हे गडाच्या पायथ्याचे गाव. सकाळी साडेसहाला आम्ही तेथून चढण्यास आरंभ केला. हवेत अजून गारवा होता. ग्रंथांत वसंताच्या मासांविषयी दोन गणना आढळतात. एकीत चैत्र-वैशाख, तर सुश्रुतांनी दोषांच्या संचय-प्रकोपाच्या संदर्भात दिलेल्या दुसरीत फाल्गुन-चैत्र. या डोंगरउतारावरील पळस पाहिल्यावर दुसऱ्या गणनेचा अर्थ पुस्तकाविना कळला. पानांचा मागमूस नसलेल्या काळ्या फांद्यांवर केशरी फुलांचे घोस लगडले होते. थोड्या उंचीवर पांगारा लालभडक फुलला होता, आणि काटेसावरीखाली जाड पाकळ्यांच्या फुलांचा सडा पडला होता.

गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६६० फूट आहे. चढ फार अवघड नाही, परंतु सलग आहे. आमच्यातील एक तरुण वैद्य प्रारंभी झपाझप पुढे गेले आणि अर्ध्या तासातच एका दगडावर धापा टाकीत बसलेले आढळले. तेथेच ज्येष्ठांनी त्यांना बलार्धाची लक्षणे विचारली. शीतकाळात आणि वसंतात व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, असा शास्त्रादेश आहे. कपाळ, नाक व काखेत घाम येणे आणि मुखशोष होणे ही अर्धी शक्ती संपल्याची खूण. तरुण वैद्यांनी परीक्षेत हे उत्तर लिहून गुण मिळविले होते, मात्र स्वतःच्या कपाळावरील घाम त्यांनी त्या दृष्टीने प्रथमच पुसला. रुग्णाला "रोज अर्धा तास चाला" असे सरसकट सांगण्यापेक्षा ही खूण समजावून देणे अधिक हिताचे आहे. पंचवीस वर्षांच्या शेतकऱ्याची अर्धशक्ती आणि पंचावन्न वर्षांच्या मधुमेही लेखनिकाची अर्धशक्ती घड्याळाने मोजता येत नाही.

गुराख्याचे ज्ञान

वाटेत गुरे घेऊन निघालेले एक वृद्ध गृहस्थ भेटले. आम्ही वैद्य आहोत आणि झाडे पाहावयास आलो आहोत, हे कळल्यावर गुरे नातवाच्या स्वाधीन करून ते आपण होऊन आमच्याबरोबर निघाले. सुश्रुतांनी औषधींचा परिचय गोपाल, तापस, व्याध आणि वनात राहणाऱ्या लोकांकडून करून घ्यावा असे म्हटले आहे. चरकांनीही अजपालक व गोपालकांना वनस्पतींचे नाम-रूप ठाऊक असते हे मान्य करून, केवळ तेवढ्याने औषधी जाणली असे होत नाही, प्रयोगज्ञानही हवे, असे बजावले आहे. या वचनाचा उपयोग आपण बहुधा स्वतःचे श्रेष्ठत्व सांगण्यासाठी करतो. त्या दिवशी त्याचा पूर्वार्ध आमच्या वाट्याला आला.

पहिल्या टप्प्यावर एका उंच, बहुतांशी निष्पर्ण झाडाकडे बोट करून आमच्यातील एकाने, ज्यांचा व्यवसाय तीस वर्षांचा आहे, "हा हिरडा" असे ठामपणे सांगितले. दोघांनी छायाचित्रेही घेतली. काका काही बोलले नाहीत. त्यांनी वाकून झाडाखालचे एक वाळलेले फळ उचलले आणि आमच्या तळहातावर ठेवले. फळाला पाच पंख होते.

"डॉक्टरसाहेब, हिरड्याला पंख असत्यात व्हय? हा ऐन हाय."

आम्ही सर्वजण हसलो, पण ते हसू फार काळ टिकले नाही. ऐन, अर्जुन, बेहडा आणि हिरडा ही एकाच कुळातील भावंडे आहेत, त्यामुळे चूक अगदी अनाकलनीय नाही. परंतु ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल आणि पंखधारी फळ समोर असता ती होऊ नये. ज्या द्रव्याचे चूर्ण आम्ही दररोज देतो, त्याचे झाड आमच्यापैकी एकालाही खात्रीने ओळखता आले नाही, ही वस्तुस्थिती येथे नोंदवीत आहोत.

गडफेरी

गडाचे तीन दरवाजे एकापाठोपाठ एक लागतात. दुसऱ्या दरवाजातून आत गेल्यावर पाण्याचे टाके आहे. तिसऱ्या दरवाजावर मराठी आणि फारसी शिलालेख असून त्यांचा संबंध १६५६ साली मुहम्मद आदिलशहाच्या काळात झालेल्या कामाशी आहे. शिरवले, पाटणे, दामगुडे, वाघजाई, फत्ते आणि सदरेचा अशा बुरुजांवरून तटाच्या कडेने फेरी घातली असता खाली नीरेचे खोरे, कापणी होऊन मोकळी झालेली खाचरे आणि मधूनमधून वस्त्या दिसतात. हवा स्वच्छ असल्याने राजगड, तोरणा, पुरंदर, रायरेश्वर आणि केंजळगड ओळखता आले. रोहिडमल्लाच्या मंदिरापाशी आम्ही फराळासाठी थांबलो. जवाच्या भाकऱ्या, मुगाचे कढण आणि सुंठीचे पाणी असा ऋतुचर्येस धरून फराळ होता. काकांनी स्वतःची फडक्यातील भाकरी व ठेचा आम्हास आग्रहाने दिला, तोही पथ्याचा विचार न करता संपला.

फराळानंतर ज्येष्ठ वैद्यांनी ऋतुहरीतकीचा विषय काढला. वर्षेत सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध आणि ग्रीष्मात गूळ, या अनुपानांसह हरीतकी सेवन करावी असे भावप्रकाशात सांगितले आहे. त्यांनी डबी उघडून प्रत्येकाच्या तळहातावर हिरड्याचे चूर्ण आणि मध दिला. काकांनीही घेतला. चव ओळखून ते म्हणाले, "हिरडाच हाय. ह्यो कुठल्या झाडाचा?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. चूर्ण पुण्याच्या बाजारातून आणले होते. दर आम्हास ठाऊक होता. झाड, डोंगर, गाव, तोडणीचा महिना, यांपैकी काहीच ठाऊक नव्हते.

धायटी, शाल्मली आणि हरीतकी

उतरताना आम्ही पश्चिमेच्या अंगाने गुराख्यांची वाट धरली. येथे उताराचा मोठा भाग वणव्याने काळा झालेला होता. नवे गवत लवकर फुटावे म्हणून अशा आगी अनेकदा लावल्या जातात. जळालेल्या भागाच्या कडेला धायटीची झुडपे मात्र तांबड्या नळीदार फुलांनी भरून गेली होती, कारण धायटी मुळापासून पुन्हा फुटते. आसवारिष्टांच्या संधानासाठी आपण जे धातकीपुष्प वापरतो ते हेच. फुलातील मधुरस आणि त्यासोबत येणारे किण्व यांच्यामुळे संधानास चालना मिळते, हे आजचे शास्त्रही सांगते. कोरडे, चुरगळलेले, मातकट धातकीपुष्पच पाहिलेल्या आमच्यापैकी काहींनी या ताज्या फुलाचा मध चाखून पाहिला. अग्नीने पीडित औषधी घेऊ नये हा चरकांचा संकेत स्मरून जळक्या भागातील काहीही आम्ही गोळा केले नाही.

पायथ्याजवळच्या घळीत काका थांबले. ओलावा धरून असलेल्या त्या जागी दोन झाडे उभी होती. कोवळ्या पालवीवर रेशमी लव, आणि देठाच्या वरच्या टोकाशी दोन बारीक ग्रंथी. हीच ती हरीतकी. मुळाशी गेल्या हंगामातील एक वाळलेले फळ सापडले. पाच कडा बोटाने मोजता आल्या.

अभयारिष्टाचा पाठ डोळ्यांपुढे आणा. मुख्य द्रव्य हरीतकी, प्रक्षेपात धातकी आणि मोचरस, म्हणजे काटेसावरीचा निर्यास. अर्शाच्या रुग्णास आपण हे अरिष्ट देतो. त्यातील तीन द्रव्ये एका सकाळच्या वाटेवर उभी होती. त्यांपैकी दोन विपुल होती, आणि जिच्यावरून त्या कल्पाला व कदाचित या मावळालाही नाव मिळाले, तिची दोनच झाडे आम्हास त्या वर्तुळात भेटली.

"पोरपणी ह्या अंगाला मोप व्हती," काका म्हणाले. "आता वरल्या अंगाला, घाटाकडं जावं लागतं."

बाळहिरडा आणि आपण

एका डोंगरावरील निरीक्षणावरून व्यापक निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. हिरडा घाटमाथ्यावरील अधिक पावसाच्या पट्ट्यात अधिक रमतो. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात तर महादेव कोळी कुटुंबांचे उन्हाळ्यातील मोठे उत्पन्न बाळहिरड्यावर अवलंबून असते. २०२० सालच्या निसर्ग चक्रीवादळात तेथील हिरड्याचे मोठे नुकसान झाले, तेव्हा ते किती अवलंबून आहे हे सर्वांना दिसले. तरीही एक गोष्ट प्रत्येक वैद्याने विचारात घ्यावी. बाळहिरडा म्हणजे अठळी धरण्यापूर्वी तोडलेले फळ. झाडावरील सर्वच फळ या अवस्थेत उतरविले तर बीज उरत नाही. पक्व हिरड्याची अठळी कठीण असल्याने ती सहजासहजी रुजत नाही. रुजलीच तर ते कोवळे रोप गुरे आणि वणवा यांतून वाचले पाहिजे. म्हणजे आज उभी असलेली झाडे औषध देत राहतात, पण त्यांच्या मागे कोणी उभे राहत नाही. वयःस्थापन म्हणून जिची कीर्ती आहे, त्या हरीतकीची पुढची पिढी अशी खुंटावी, याचा काही दोष मागणी करणाऱ्या आपल्याकडेही येतो.

यात तोडणाऱ्या कुटुंबांस बोल लावण्याचे कारण नाही. भाव बाळहिरड्याला मिळत असेल तर तोच तोडला जाणार. काही झाडे पक्व फळासाठी राखावीत आणि त्या फळाला योग्य मोल मिळावे, हे ग्राहकाने सांगितले तरच घडेल. आपण ग्राहक आहोत.

परतीच्या वाटेवर

दुपारी दोनच्या सुमारास आम्ही पुन्हा बाजारवाडीत आलो. वर्तुळ पूर्ण झाले. काकांना मानधन देऊ केले असता त्यांनी ते नाकारले आणि, "म्होरल्या साली येताना रोपं घिऊन या," एवढेच सांगितले. गावातील एका घराच्या ओसरीवर बसून आम्ही तीन गोष्टी ठरविल्या. प्रत्येकाने आपल्या औषधविक्रेत्यास हिरडा कोणत्या भागातील आणि कोणत्या मासात तोडलेला, हे लेखी विचारावे. पक्व हिरड्याच्या अठळ्या रुजविण्याचा प्रयत्न चौघांनी आपापल्या परसात करावा. आणि दरवर्षी फाल्गुनात नवीन पदवीधरांना घेऊन ही फेरी करावी, मार्गदर्शक म्हणून गावातीलच जाणकार असावेत.

हा लेख लिहीपर्यंत तिघा विक्रेत्यांना विचारणा झाली आहे. दोघांनी उत्तर दिले नाही, एकाने "माल चांगला आहे" एवढेच सांगितले. अठळ्या भिजत घातल्या आहेत, अद्याप अंकुर नाही. आपल्या भागात हिरडा रुजविण्यात ज्या वैद्यबंधू-भगिनींना यश आले असेल त्यांनी आपली पद्धती या अंकासाठी अवश्य लिहून पाठवावी. पुढील फाल्गुनात काकांना दाखविण्यास चार रोपे हवी आहेत, आणि डबीतील चूर्ण कुठल्या झाडाचे, या प्रश्नाला उत्तरही हवे आहे.