जीपमधले शेजारी

सकाळी जीप निघते तेव्हा तिच्यात डॉक्टर असतोच असं नाही. नर्स असते, ड्रेसिंगची पेटी असते आणि दोन-तीन गावकरी असतात: कुणी दुकानदार, कुणी निवृत्त शिक्षक, कुणी कॉलेजातली मुलगी. केरळात, विशेषतः मलप्पुरम आणि कोळिकोड जिल्ह्यांत, अखेरच्या आजारातल्या माणसाची काळजी अशी गावातूनच निघते.

देशातलं पहिलं हॉस्पिस आपल्या वांद्र्याचं, १९८६ सालचं शांती अवेदना सदन. तिथे रुग्ण दाखल होतो. कोळिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार या भूलतज्ज्ञांनी १९९३ मध्ये पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू केली, ती बाह्यरुग्ण विभाग म्हणून. पण शेवटच्या आठवड्यांत माणसाला तिथवर आणणंच अवघड. मग दवाखाना घरी जाऊ लागला. घरं असंख्य, डॉक्टर मूठभर; म्हणून शेजाऱ्यांना शिकवलं. पुढे शेजाऱ्यांनी ते काम आपलंच मानलं. दुकानांत डबे ठेवून पैसे जमवले, त्यातून नर्सचा पगार दिला. मला मोलाचं वाटतं ते हे: इथे स्वयंसेवक डॉक्टरच्या हाताखाली नाही, त्यानेच डॉक्टरला बोलावलेलं आहे. २००८ मध्ये राज्य सरकारने याचं धोरण केलं आणि पंचायतीही त्यात आल्या.

घरात गेल्यावर हा स्वयंसेवक काय करतो? कूस कशी बदलायची ते दाखवतो, बेडसोर धुताना नर्सला हात देतो. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर साधारण चार तास. दुखायची वाट न बघता घड्याळाप्रमाणे द्या, सवय लागेल म्हणून घाबरू नका, असं सुनेला पुन्हा पुन्हा सांगतो. शौचाला कडक होतं, त्याचं औषधही विसरू देत नाही.

खरी कसोटी उंबऱ्यावर असते. मुलगा बाहेर येऊन हळूच म्हणतो, ‘बाबांना कॅन्सरचं सांगू नका हं.’ आत बाबांना सगळं कळलेलं असतं, आणि तेही मुलासाठी गप्प असतात. नवख्या स्वयंसेवकाच्या तोंडी ‘बरे व्हाल’ येतंच. ते गिळायला शिकावं लागतं. ‘तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?’ एवढं विचारायचं आणि मग थांबायचं. कधी उत्तर तिसऱ्या भेटीत येतं.

माणूस गेल्यावरही जीप एकदा येते. उरलेल्या गोळ्या मोजून परत न्यायच्या असतात. काम दोन मिनिटांचं. पण कित्येक महिने बसल्या बसल्या झोपलेली त्याची बायको चहा टाकते, आणि तो होईपर्यंत कुणीतरी मुलांच्या शाळेचं विचारतं.