आगर : नारळाचे, मिठाचे आणि ज्ञानाचे

मराठीत 'आगर' हा शब्द तीन ठिकाणी भेटतो. किनारपट्टीवरील नारळ-पोफळीची बाग म्हणजे आगर. खाडीचे पाणी बांध घालून अडवतात आणि उन्हावर मीठ पिकवतात, ते मिठागर. आणि एखाद्या थोर व्यक्तीला आपण गुणांचे आगर म्हणतो, तेव्हा आगर म्हणजे भांडार. पालघर जिल्ह्यात डहाणूच्या किनाऱ्यावर या नावाचे एक गावच आहे. तेथून उत्तरेस घोलवड, बोर्डी आणि तलासरी तालुक्यातील झाईपर्यंतचा आणि दक्षिणेस चिंचणी-तारापूरपर्यंतचा टापू पाहिला, तर विकसनशील देशात ज्ञानावर उभी राहणारी अर्थव्यवस्था कशी घडते आणि कोठे अडते, हे समजून घेण्यासाठी बंगळूरला जाण्याचे कारण उरत नाही.

'ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था' ही संकल्पना व्यवस्थापनशास्त्रज्ञ पीटर ड्रकर यांनी १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून रूढ केली. जमीन, श्रम आणि भांडवल यांच्या जोडीला ज्ञान हेच उत्पादनाचे मुख्य साधन ठरणार, असा त्यांचा सिद्धान्त होता. जैन व्यापारी कुटुंबांना यात फारसे नवल वाटू नये. कार्तिक शुद्ध पंचमी ही श्वेतांबर परंपरेत ज्ञानपंचमी म्हणून पाळली जाते. त्या दिवशी ग्रंथांचे पूजन होते. हीच तिथी पेढीवर लाभपंचमी असते आणि दिवाळीनंतरचे व्यवहार पुन्हा सुरू होतात. ज्ञान आणि लाभ एकाच तिथीला यावेत हा योगायोग असेल. परंतु घरातील पूजा आणि दुकानातील मुहूर्त यांचा संबंध किती घरांत जोडला जातो, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

या टापूतील ज्ञानाची कथा सुरू होते ती अज्ञानापासून, आणि ती सांगताना व्यापारी समाजाला थोडे अवघडल्यासारखे होणे स्वाभाविक आहे. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली एकत्र आले आणि त्यांनी वेठबिगार न करण्याची शपथ घेतली. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली झालेला हा लढा महाराष्ट्राच्या इतिहासात नोंदलेला आहे. त्या काळी जमीनदार आणि सावकार यांच्या हाती जी सत्ता होती, तिचा मोठा आधार कागदावर उठलेला अंगठा हा होता. वाचता न येणाऱ्या माणसाच्या नावे वहीत काय लिहिले आहे, हे फक्त वही लिहिणाराच जाणतो. एका बाजूला हिशेबाचे ज्ञान आणि दुसऱ्या बाजूला त्याचा पूर्ण अभाव, अशी ती अर्थव्यवस्था होती. तीही एका अर्थाने ज्ञानाधिष्ठितच म्हणावी लागेल. मात्र त्या ज्ञानाची वाटणी झालेली नव्हती.

त्याच वर्षी बोर्डीला ताराबाई मोडक यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले होते. माँटेसरी पद्धतीचा त्यांचा अभ्यास पक्का होता. बोर्डीत अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा, शिकून शिक्षिका झालेल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि 'कोसबाड' हे नाव बालशिक्षणात सर्वत्र पोहोचले. हिशेबी माणसाला या कामात सर्वांत मोलाची वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्यांनी खर्चाचा प्रश्न कसा सोडवला. माँटेसरीची मूळ साधने परदेशी घडणीची आणि महाग. या दोघींनी शिंपले, गारगोट्या, बिया, पाने, काड्या हीच साधने केली. मुले शाळेत येईनात, कारण धाकट्या भावंडाला सांभाळायचे असे. तेव्हा शाळेलाच पाळणाघर जोडले. मोठी मुले गुरे चारायला जात. तर शाळाच कुरणावर नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. बालवाडी वस्तीच्या अंगणात भरू लागली, ती अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू केली. आज देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचलेल्या तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव आहे. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. सन्मान झाले, ते योग्यच. परंतु गरीब देशाने परदेशी ज्ञान आयात करून आपल्या ऐपतीत कसे बसवावे, याचा हा नमुना अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात क्वचितच आढळतो, याचे आश्चर्य वाटते.

आयात केलेले ज्ञान आणि आपलेसे केलेले ज्ञान यांतील फरक चिंचणीच्या खाडीपलीकडे आणखी स्पष्ट दिसतो. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले. त्या वेळी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते डॉ. विक्रम साराभाई, अहमदाबादच्या जैन गिरणीमालक घराण्यातले. पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारून दिल्या. इंधनही तिकडूनच येणार होते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर ते मिळणे अवघड झाले आणि विकत घेतलेल्या ज्ञानाची मर्यादा कळून आली. त्यानंतर याच आवारात ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या भारतीय अभियंत्यांनी आराखड्यापासून तयार केल्या. त्या २००५ आणि २००६ साली कार्यान्वित झाल्या. मधली छत्तीस वर्षे ही शिकण्याची किंमत. व्यापारात इतका काळ थांबण्याची कोणाची तयारी नसते, हे खरे. परंतु साराभाईंनी अहमदाबादच्या गिरण्यांसाठी १९४७ साली 'अटिरा' ही वस्त्रोद्योग संशोधन संस्था उभी केली, तेव्हा बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणारे गिरणीमालकच तिच्यामागे एकत्र आले होते, हेही विसरू नये. एकट्या पेढीला प्रयोगशाळा परवडत नाही. बाजाराला परवडते.

डहाणूच्या बाजारात चिकूचे असेच आहे. येथील चिकूला मुख्यतः कालीपत्ती या जातीने नाव मिळवून दिले. कलम रायणीच्या खुंटावर बांधायचे, हे ज्ञान बागायतदारांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. कोसबाडच्याच टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्र आहे. शेतकऱ्याच्या बांधापर्यंत शास्त्र नेण्याचे काम तेथून अनेक दशके होत आले आहे. २०१६ साली 'डहाणू घोलवड चिकू' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२१ साली हे मानांकित फळ ब्रिटनला रवाना झाले. तरीही तोडल्यानंतर थोड्याच दिवसांत पिकून मऊ होणाऱ्या या फळात अजूनही बहुतेक पैसा खोक्यावर आणि वाहतुकीवर जातो. चिप्स आणि भुकटी करणारे आहेत, बोर्डीच्या चिकू महोत्सवात ती विकलीही जातात. पण मानांकनाचा अर्थ केवळ खोक्यावर चिकटवण्याचे चिन्ह असा नाही. बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायची, माल कोणत्या बागेतून आला याचा कागद ठेवायचा, तो कागद व्यापाऱ्याने पुढे न्यायचा, अशी ती साखळी आहे. मधल्या एकाही कडीने इतर भागातला माल त्यात मिसळला, की नावाची किंमत शून्यावर येते. अचौर्य हे अणुव्रत सांगणाऱ्या समाजातील आडत्याला हे वेगळे शिकवावे लागू नये.

वारली चित्रकलेचीही तीच गत. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी लग्नाच्या चौकाची ही कला भिंतीवरून कागदावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या कलेलाही मानांकन आहे. आज वारली आकृती साड्यांवर, चहाच्या कपांवर, विमानतळांच्या भिंतींवर दिसतात. त्यातला किती पैसा गंजाडपर्यंत येतो, हे कापडाचा धंदा करणाऱ्यांनीच स्वतःच्या खरेदी खात्यात पाहावे.

या टापूतील सर्वांत दुर्लक्षित ज्ञान मात्र चिंचणी, वरोर, वाढवण या गावांत घरोघरी बसून केल्या जाणाऱ्या डायमेकिंगचे आहे. सोन्याचांदीच्या दागिन्यावर उठणारी नक्षी आधी पोलादाच्या ठोकळ्यावर उलटी कोरावी लागते. कारागीर भिंगातून पाहत, छिन्नीने केसाएवढी रेघ काढतो. दागिना झवेरी बाजारात विकला जातो, नक्षी गिऱ्हाइकाच्या डोळ्यात भरते, आणि ती कोणी कोरली हे सराफालाही ठाऊक नसते. आता संगणकावर आराखडा काढून यंत्राने साचा कोरता येतो. ज्या कारागिराला हातही आहे आणि संगणकही येतो, त्याला दोन्हीकडून मागणी राहील. ज्याला फक्त हात आहे, त्याला यंत्राच्या भावाशी झुंजावे लागेल.

येथे बँकेचा प्रश्न येतो. अशा कारागिराने यंत्रासाठी कर्ज मागितले, तर शाखेतला पहिला सवाल तारणाचा. यंत्र तारण ठेवता येते, घर ठेवता येते. वीस वर्षांत बोटांत उतरलेले कौशल्य कोणत्याही रकान्यात बसत नाही. ताळेबंद पाहावा : यंत्र मालमत्तेच्या बाजूस उभे असते, आणि मुलाला शिकवायला लागलेला पैसा नफातोटा पत्रकात खर्ची पडून वर्षअखेर नाहीसा होतो. हिशेबाच्या नियमांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण शिकलेला माणूस उद्या दुसरीकडे जाऊ शकतो. मात्र त्यामुळे व्यापारी आणि बँक दोघेही शिक्षणाकडे खर्च म्हणूनच पाहू लागतात. २००० साली सुरू झालेल्या पतहमी न्यासामुळे आणि २०१५ च्या मुद्रा योजनेमुळे विनातारण कर्जाची वाट उघडली, हे मान्य करावे लागेल. तरी अधिकाऱ्याचा हात अर्जावर सही करताना अडखळतो. कर्ज थकले तर उत्तर त्याला द्यायचे असते. जुन्या काळी अशा वेळी पेढीचा शेठ माणूस ओळखून पैसा देत असे. सराफाने आपल्या कारागिराची मागणी लेखी दिली, तर आजही बँकेला तेवढा आधार पुष्कळ होतो. त्यात शेठजींचा एक पैसाही जात नाही.

हे सारे आता तातडीचे झाले आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि धूर ओकणाऱ्या कारखान्यांना येथे मज्जाव झाला. काहींनी तेव्हा तालुका मागे पडेल असा आक्षेप घेतला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. पण चिकूच्या बागा राहिल्या त्या त्यामुळेच. आज वाढवण येथे सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचे बंदर होत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याचा पायाभरणी समारंभ झाला. मच्छीमारांचा विरोध तीव्र आहे आणि त्यांचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. बंदर झाले, तर तेथे क्रेन संगणकावर चालतील, जकातीचे कागद संगणकावर भरले जातील, शीतगृहांचे तापमान संगणक पाहील. ही कामे मुंबईहून येणारी मुले करतील, की कोसबाडच्या अंगणवाडीत गारगोट्या मोजलेल्यांची नातवंडे, हे बंदर पूर्ण होण्याआधीच्या वर्षांत ठरेल. पहारेकऱ्याची जागा कोणालाही मिळते.

दरम्यान वाढवण-वरोरच्या घरांतून जुन्या नक्ष्यांचे साचे फडक्यात गुंडाळलेले असतात. एकेक साचा म्हणजे एकेका कारागिराने शोधलेली रेघ. त्यांचे छायाचित्र काढून, कोणी कोणत्या सुमारास कोरले हे लिहून, सूचीत नोंदवणे हे दोन-तीन शिकलेल्या तरुणांचे एका हंगामाचे काम आहे. एखाद्या सराफ संघटनेने मनावर घेतले तर खर्च एका प्रदर्शनाच्या मंडपाएवढाही येणार नाही. साचे पोलादाचे आहेत, आणि समुद्राची हवा खारी आहे.